सापा मार्केट, प्राग: कोथिंबीर आणायला गेलो आणि तीन तास बसलो

आधी कामाचं सांगते, पाल्हाळ नंतर. प्रागमध्ये राहात असाल आणि सुपरमार्केटवाले कुंडीत चार काड्या कोथिंबीर खोचून ज्या भावाने विकतात ते बघून जीव जळत असेल तर एका शनिवारी पिशव्या घ्या आणि सापाला, म्हणजे इथल्या व्हिएतनामी बाजारात, जा. मेट्रोच्या सी लाइनने काचेरोव, तिथून ११३ नंबरची बस, पीस्निट्सेच्या वसाहतीपाशी उतरायचं, मग माणसं ज्या दिशेने रिकाम्या ट्रॉल्या ओढत चाललीत त्या दिशेने जायचं. गाडी नेऊ नका. नवऱ्याने पहिल्यांदा हौसेने नेली होती, चाळीस मिनिटं आम्ही मालाच्या टेम्पोंच्या मधे अडकून एकमेकांशी भांडत होतो.

सहा वर्षं झाली आम्हाला इथे येऊन आणि सापाला किती वेळा गेलोय त्याचा हिशोब नाही, पण आजवर भाजी, तांदूळ, मिरच्या, पळा घरी, एवढंच. या वेळी आई आली होती पेणहून तीन महिन्यांसाठी, ती काय आम्हाला पळू देते. प्रत्येक दुकानात प्रत्येक जुडी उचलून वास. एका ठिकाणी तर ओरडलीच, अगं ही नाळीची भाजी! पावसाळ्यात आमच्याकडे तळ्याकाठी उगवते ती. खरंच तीच होती, व्हिएतनामी लोक तिला राउ मुओंग म्हणतात आणि लसूण घालून परततात, म्हणजे आपण करतो तशीच की. कारली, दुधी, अळूची देठं, हिरवी पपई, आणि कोथिंबिरीची मुठीत न मावणारी जुडी तीस कोरुनाला. भाजीसाठी पाचपैकी पाच. विषय संपला.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सापा म्हणजे एक दुकान नाही की मॉल नाही. प्रागच्या दक्षिण टोकाला लिबुश भागात पूर्वी मांसाचा कारखाना होता त्या आवारात वसलेलं पस्तीसेक हेक्टरचं अख्खं गावच आहे, व्हिएतनामच्या उत्तरेकडे डोंगरात सापा म्हणून गाव आहे त्याचं नाव ठेवलंय. कपड्यांची होलसेल गोदामं, नखांना लावायच्या रंगाच्या बाटल्यांचे खोकेच्या खोके, जिवंत खेकडे, केस कापायचं दुकान, विम्याचा एजंट, अकाउंटंट, कागदपत्रं भाषांतर करून देणारे, विमानाची तिकिटं, आणि मधेच एक बौद्ध देऊळ. पाट्या सगळ्या व्हिएतनामी, खाली बारीक अक्षरात चेक. आई म्हणाली हे तर आपल्या मार्केट यार्डासारखं आहे, फक्त शिव्या कळत नाहीत.

भूक लागली म्हणून आम्ही आतल्या एका गल्लीत खाणावळीत शिरलो आणि हा रिव्ह्यू खरं तर त्या खाणावळीचा आहे. नाव लिहीत नाही. काउंटरवरच्या मुलीला मी विचारलं होतं, लिहू का तुमच्याबद्दल, तर म्हणाली लिहा, फक्त नाव टाकू नका, शनिवारी आधीच बसायला जागा नसते आणि माझी आई दमते. तेव्हा शोधा आपापली. स्टीलची टेबलं, लाल प्लॅस्टिकची स्टुलं, भिंतीवर मोठ्या आवाजात व्हिएतनामी टीव्ही, आणि दारात हाडांच्या रश्श्याचा असा वास की नवरा बोलायचाच थांबला. हे क्वचित घडतं.

मेन्यू आहे पण भिंतीवर, फोटोंसकट, आणि अर्ध्या फोटोंवर चिकटपट्टी लावलेली, म्हणजे ते आज नाही. नवऱ्याने बुन चा घेतलं. हे हनोईचं खाणं, निखाऱ्यावर भाजलेल्या डुकराच्या मांसाच्या छोट्या टिक्क्या आणि काप कोमट, आंबटगोड फिश सॉसच्या पाण्यात बुडवलेले, त्यात कच्च्या पपईच्या आणि गाजराच्या चकत्या, बाजूला तांदळाच्या गार शेवया आणि एक टोपलीभर पाला, त्यात पुदिना असतो, कोथिंबीर असते आणि जांभळ्या पानांचं एक काहीतरी असतं ज्याचा वास ओव्याच्या पानाच्या जरा जवळ जातो. शेवया बुडवायच्या, पाला तोडून घालायचा, खायचं. टिक्क्यांच्या कडा करपलेल्या होत्या आणि तसंच असायला हवं. मी कोंबडीचा फो, म्हणजे शेवया घातलेला रस्सा, घेतला, १७५ कोरुना, वाडगा एवढा मोठा की आईने विचारलं हे तिघांचं का. रस्सा स्वच्छ, वर तेलाचे बारीक डोळे, दालचिनी आणि चक्रीफुलाचा वास अगदी मागून येतो. चूक एकच, कोंबडीचे तुकडे सुके पडले होते. आणि शेवटच्या दहा मिनिटांत सगळं गार होतं कारण आपण बोलत बसतो, तो दोष त्यांचा नाही.

आईचा प्रश्न अवघड. शनिवार, म्हणजे ती खात नाही. आणि व्हिएतनामी स्वयंपाकात फिश सॉस म्हणजे आपल्याकडे मीठ तसा, तो नाही असं काही मिळणंच कठीण. मी काउंटरवर जाऊन माझ्या मोडक्या चेकमध्ये मांस नाही, मासा नाही, माशाचं पाणी नाही, असं हातवारे करून सांगत होते तेव्हा ती मुलगी अस्खलित इंग्रजीत म्हणाली, आई आहे का तुमची? उपास? मी म्हटलं तसंच काहीसं. तर म्हणाली आमच्याकडे पण पौर्णिमा-अमावास्येला काही आज्या खात नाहीत, थांबा. आणि आत जाऊन पिवळ्या मुगाचा चिकट तांदूळ घेऊन आली, सोय म्हणतात त्याला, वर तळलेला कांदा, आणि नंतर नारळाच्या दुधातली मुगाची खीर, तिला चे म्हणतात. आई खुश. म्हणाली खिचडी जरा घट्टच झालीये पण बाई मनाची चांगली आहे.

इथून पुढे मी जेवणाबद्दल कमी लिहिणार आहे, ज्यांना फक्त कुठे काय खायचं ते हवं होतं त्यांनी सरळ शेवटाकडे जावं.

माझं स्टूल काउंटरला लागून होतं म्हणून मला ऐकू येत होतं. एक म्हातारे गृहस्थ आले, त्यांच्याशी ती मान जरा खाली घालून बोलली. मग बांधकामावरचे दोन पोरगे आले, त्यांच्याशी आवाज वेगळा. मग एक चेक बाई कुत्रा घेऊन आल्या, दोब्री देन, आणि असं चेक की टीव्ही बंद करून नुसतं ऐकलं तर वाटेल बोहेमियातली शेतकऱ्याची मुलगी. मग आतून तिची आई काहीतरी ओरडली त्याला उत्तर अर्धं व्हिएतनामी अर्धं चेक. आणि मग माझ्याशी इंग्रजी. पाच मिनिटांत. टेबल पुसता पुसता. मंडळाच्या कार्यक्रमांत आपण भाषणं ऐकतो ना, आपली मुलं म्हणजे दोन संस्कृतींमधला पूल वगैरे, तर पूल-बिल काही दिसला नाही हो मला, एक दमलेली पोरगी दिसली जिला एका वेळी चौघांचं ऐकायचं होतं.

अडीचनंतर गर्दी ओसरली तेव्हा ती स्वतःच येऊन बसली, कारण माझी सात वर्षांची लेक तिच्याशी चेकमध्ये गप्पा मारायला लागली होती. दोघींचं काय चाललंय ते मला निम्मं कळत होतं. मी विचारलं, मघाशी त्या आजोबांशी बोलताना वेगळं काय म्हणत होतीस? तर तिने जे सांगितलं ते मला फारच भारी वाटलं. व्हिएतनामीत सरळ ‘मी’ आणि ‘तू’ असं रोजच्या बोलण्यात फारसं म्हणतच नाहीत. समोरचा बाबांहून मोठा असेल तर तो बाक आणि मी त्याची चाउ, म्हणजे पुतणी-भाची-नात जे काय ते. थोडासा मोठा असेल तर तो आन्ह, दादा, आणि मी एम, धाकटी. आईसमोर मी कोन, लेकरू. म्हणजे वाक्याला सुरुवात करायच्या आधी समोरच्याचं वय जोखायचं, तेव्हा कुठे स्वतःला काय म्हणायचं ते ठरणार. एकदा एका बाईंना ती मावशीऐवजी आजी म्हणाली होती, त्यांनी बिर्‍हाडकरूंची मीटिंग असल्यासारखं सगळ्यांसमोर सुनावलं. मी म्हटलं आमच्याकडे ताई म्हणायच्या जागी काकू म्हटलं की हेच होतं. तर हसली आणि म्हणाली, म्हणून मी कधी कधी चेकच बोलते, चेकमध्ये मी म्हणजे मीच असते.

हे वाक्य ती सहज बोलून गेली आणि उठून कोणाचं तरी बिल करायला गेली. माझा फो तिथेच गार झाला.

तिची कहाणी तुकड्यातुकड्यात कळली. बाबा १९८७ ला आले, तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियात, कारखान्यात कामगार म्हणून. समाजवादी देशांचे आपसात करार होते, व्हिएतनामहून हजारो लोक शिकायला आणि कामाला इथे येत, अगदी पहिली तुकडी तर १९५६ ला आलेली शंभर मुलं होती, क्रास्तावा नावाच्या गावात त्यांना ठेवलं होतं. १९८९ ला राजवट पडली, कारखान्यांचे करार संपले, लोकांना सांगितलं परत जा. पुष्कळ गेले. बाबा राहिले, व्यापाराचा परवाना काढला आणि खेब म्हणून जर्मन सीमेजवळ गाव आहे तिथे टपरी टाकली, सीमेपलीकडून जर्मन लोक स्वस्तात घ्यायला यायचे, सिगारेटी, जीन्स आणि बागेत ठेवायचे ते मातीचे टोपीवाले बुटके. हो, बुटके. म्हणाली माझं लहानपण बुटक्यांच्या खोक्यांमागे गेलं, मला वाटायचं ही व्हिएतनामी देवाची मूर्ती आहे. पुढे टपरीचे दिवस संपले तसे वेचेर्का, म्हणजे रात्री उशिरापर्यंत उघडं असणारं कोपऱ्यावरचं किराणा दुकान. प्रागमध्ये राहणाऱ्या प्रत्येकाने रात्री दहाला दूध आणलेलंय तिथून, मीही, आणि काउंटरमागे वहीत गणितं सोडवणारं पोर बघून, किती गोड, म्हणून पुढे गेलेय. त्यानंतर ही खाणावळ.

आईबाबा आठवड्याचे सातही दिवस टपरीवर. मग मुलीला कोण बघणार? तर शेजारची चेक पेन्शनर बाई. ही एकट्या तिचीच गोष्ट नाही बरं का, त्या पिढीतल्या खूप व्हिएतनामी मुलांना अशी पैसे देऊन ठेवलेली चेक आजी होती, बाबिच्का, सोमवार ते शुक्रवार काही मुलं तिच्याकडेच राहायची. तिनेच अभ्यास घेतला, तिनेच स्वीच्कोवा आणि क्नेडलिक असलं चेक जेवण खायला शिकवलं, आणि तिला व्हिएतनामी नाव उच्चारता येईना म्हणून कॅलेंडरमधलं एक चेक नाव ठेवून दिलं, तेच शाळेत पडलं. आजही वर्गातल्या मैत्रिणी त्या नावाने हाक मारतात, आई दुसऱ्या, आणि पासपोर्टवर आडनाव नुएन. आता नुएन हे चेकियातल्या सगळ्यात जास्त लोकांच्या आडनावांपैकी एक झालंय, पहिल्या दहांत मोजतात, नोवाक आणि स्वोबोदाच्या पंगतीत. तरी कुरियरवाला दरवेळी विचारतो कसं म्हणायचं हे.

गल्ल्याच्या बाजूला तिचं स्वतःचं पाकीट पडलं होतं, सुट्टे नव्हते म्हणून तिने त्यातून दिले तेव्हा एक चकचकीत पापुद्रा टेबलावर पडला. माझ्या लेकीने लगेच ओळखला, माशाचा खवला. चेक लोक ख्रिसमसला काप्र मासा करतात, सोबत बटाट्याचं सॅलड, आणि त्याचा खवला वर्षभर पाकिटात ठेवतात, पैसा टिकतो म्हणून. बाबिच्काने दिलेला. बाबिच्का २०१९ ला गेल्या, खवला तोच ठेवलाय. आणि त्याच कप्प्यात घडी घातलेलं लाल पाकीट, तेत म्हणजे त्यांच्या नवीन वर्षाला मोठी माणसं पैसे घालून देतात ते. मी काही बोलले नाही. आईने मात्र स्वतःच्या पर्समधून महालक्ष्मीच्या कुंकवाची पुडी काढून दाखवली. दोघींनी आपापलं परत आत ठेवलं.

मला जे विचारायचं होतं ते वेगळंच होतं. महिन्यापूर्वी एका दवाखान्यात (कुठल्या ते जाऊ दे) रिसेप्शनवरच्या बाईने माझं चेक दोन वाक्यं ऐकलं, मग माझ्याकडे बघायचंच सोडून दिलं आणि माझ्या सात वर्षांच्या पोरीला विचारायला लागली, आईला ताप किती दिवस आहे? आणि पोरगी सांगत होती. व्यवस्थित. मला अभिमान वाटला आणि घरी येऊन मी बाथरूममध्ये रडले. तर मी काउंटरवालीला विचारलं की तू कधीपासून हे करायला लागलीस. म्हणाली आठव्या वर्षापासून. व्हिसाच्या ऑफिसात बाबांबरोबर, बँकेत, टॅक्सच्या पत्रांना, भाऊ झाला तेव्हा आईच्या डॉक्टरांकडे. डॉक्टरांनी वापरलेला एक शब्द तिला चेकमध्येही माहीत नव्हता आणि व्हिएतनामीत तर नाहीच, तर तिने आईला सांगितलं सगळं ठीक आहे म्हणतायत. पुढे सगळं ठीकच निघालं म्हणून बरं, पण ती ते अजून विसरलेली नाही. शाळेच्या पालकसभेलाही हीच दुभाषी, स्वतःच्याच सभेला. मी विचारलं मग खोटं सांगायचीस का? तर म्हणाली एकदाच, चेक शाळेत एक म्हणजे सगळ्यात चांगला मार्क, मला दोन मिळाला होता, बाईंनी सांगितलं छान प्रगती आहे, मी तेवढंच भाषांतर केलं. व्हिएतनामी घरात दोन म्हणजे सुतक.

ताणून धरायचं म्हटलं तर मी म्हणेन की आपली आणि त्यांची गोष्ट सारखी नाही. आम्ही आयटीचं ब्लू कार्ड, म्हणजे युरोपातला नोकरीचा परवाना, घेऊन आलो, कंपनीने घर शोधून दिलं, कागद करायला रिलोकेशनवाली बाई होती. तिचे आईबाबा बुटके विकत होते. पण पोरांच्या डोक्यावर जे पडतं त्यात मला फार फरक दिसला नाही.

अशा मुलांना इथे एक नाव पडलं, केळी. बाहेरून पिवळी, आतून पांढरी. काही मुलांनी ते स्वतःच हसत हसत लावून घेतलं, जसं अमेरिकेतल्या आपल्या पोरांनी एबीसीडी (अमेरिकन बॉर्न कन्फ्यूज्ड देसी) लावून घेतलं. तिला मात्र राग येतो. म्हणाली केळं सोलल्यावर साल फेकून देतात, मला काय फेकायचंय? दुसरीकडे व्हिएतनामी मोठी माणसं म्हणतात मत गोक, मूळ हरवलेली, कारण तिचे सूर सपाट लागतात, व्हिएतनामीत सूर बदलला की शब्दच बदलतो. आजोळी हाय झुओंगला गेली तेव्हा बाजारात तोंड उघडेपर्यंत भाव एक आणि उघडल्यावर दुसरा. मामा कौतुकाने विएत किउ म्हणून ओळख करून देतो, परदेशातली व्हिएतनामी. आणि इथे बसमध्ये अजून कोणीतरी विचारतंच, कुठली तू? खेबची. नाही, खरी कुठली? आता ती उत्तर देते, खरी खेबची, खोटी प्रागची.

हसू आलं मला, पण लेक गंभीर चेहऱ्याने ऐकत होती. तिलाही शाळेत विचारतात. ती म्हणते नाशिकची, कारण ते म्हणायला सोपं आहे, पेण म्हटलं की चेक पोरं फिदीफिदी हसतात. (का ते मला अजून कळलेलं नाही.) तिचं मराठीही आता हळूहळू बदलतंय, चेकमध्ये प्रत्येक शब्दाच्या पहिल्या अक्षरावर जोर असतो, तशीच ही ‘कशाला’मधला क असा दाबते की आजीला वाटतं भांडतेय.

एक गोष्ट काउंटरवालीने सांगितली ती मी नंतर घरी येऊन शोधली, खरी आहे. २००९ मध्ये इथे एका तरुण व्हिएतनामी मुलीच्या नावाने कादंबरी आली, चेकियात वाढलेल्या मुलीचं आत्मकथन टाइप, बक्षीस मिळालं, पेपरवाल्यांनी डोक्यावर घेतलं, अखेर आमच्यातलं कोणीतरी बोललं म्हणून. मग कळलं लेखक एक चेक पुरुष आहे. म्हणाली मी तेव्हा अकरा वर्षांची, बाबिच्काने आणून दिली होती वाचायला, मी वाचून म्हटलं यात दुकानाचा वासच नाहीये. समीक्षा असावी तर अशी.

कागदांचंही विचारलं, कारण आमच्या घरात तो विषय रोज रात्री जेवताना निघतो. इथे जन्मलं म्हणून आपोआप नागरिकत्व मिळत नाही. पण २०१४ पासून चेक कायदा सहसा दुसरा पासपोर्ट सोडायला लावत नाही, आणि इथेच वाढलेल्या दुसऱ्या पिढीला अठरा पूर्ण झाल्यावर तीन वर्षांच्या आत सोप्या पद्धतीने अर्ज करता येतो. तिने अठराव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या आठवड्यात केला. त्या कायद्याच्या आदल्या वर्षी, २०१३ मध्ये, सरकारने व्हिएतनामींना अधिकृत राष्ट्रीय अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली होती, त्याचं बाबांना केवढं, कात्रण फ्रेम करून लावलंय, गल्ल्याच्या वर, कॅलेंडर आणि धूपदाणीच्या मधे. आपलं मात्र अडतं, भारत दोन नागरिकत्वं देत नाही, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं ओसीआय कार्ड घ्या आणि गप्प बसा. लेकीने एक दिवस निवड केली तर ती विमानतळावर दुसऱ्या रांगेत उभी राहील आणि मी पहिल्या. नवरा म्हणतो अजून अकरा वर्षं आहेत. त्याचं सगळ्याच बाबतीत अजून अकरा वर्षं असतात.

आणि आता शेपू. हे लिहिलं नाही तर हा रिव्ह्यू अपुरा राहील. भाजीच्या पिशवीतून शेपूची जुडी डोकावत होती, लेकीने नाक मुरडलं, तर काउंटरवाली म्हणाली तू पण? चेक शाळांच्या जेवणात शेपूचा पांढरा सॉस असतो, सोबत उकडलेलं अंडं, आणि अख्ख्या देशातली पोरं त्याला घाबरतात. हिच्या वर्गात कोणीही खायचं नाही, ही मात्र सगळ्यांच्या ताटातला संपवायची, कारण घरी हनोई पद्धतीने हळद लावून तव्यावर मासे आणि त्यावर मूठमूठ शेपू. बाबिच्काच्या घरी शेपूचं सूप, आईकडे शेपूचे मासे. पोरं म्हणायची ही व्हिएतनामी ना, काहीही खाते. आणि बाबिच्का अभिमानाने सांगायची, आमची पोरगी खरी चेक, शेपू आवडतो तिला. एकच शेपू. आईला मी मराठीत सांगितलं तेव्हा तिने फक्त एवढंच विचारलं की ते लोक त्यात मुगाची डाळ घालतात का.

तिची आई शेवटी बाहेर आली, हात पुसत, माझ्या आईकडे बघून काहीतरी बोलली. पोरीने भाषांतर केलं, म्हणतेय तुमच्या आईने सगळं संपवलं म्हणून बरं वाटलं. मग आईने मला सांगितलं, विचार तिला, बान चुंग म्हणून असतं म्हणे पानातलं, ते कधी मिळतं? (दुकानात फोटो बघितला होता.) चिकट तांदूळ, मूगडाळ आणि डुक्कर, पानात चौकोनी बांधून तासन्तास उकडतात, तेतच्या आधी इथे ढीग लागतात. आई म्हणाली डुक्कर वगळून करतात का, मग झाली आपली पातोळी. हे सगळं मराठीतून इंग्रजीत, इंग्रजीतून व्हिएतनामीत, आणि परत. मधेच ती पोरगी थांबली, डोळे मिटले आणि म्हणाली सॉरी, एक मिनिट, मला शब्द सापडत नाहीये कुठल्याच भाषेत. तिची आई लगेच आत गेली आणि तिच्यासाठी बर्फ घातलेली दूध-कॉफी घेऊन आली. तिने न मागता. कॉफी आम्हालाही मिळाली, बिलात लावली नाही. मी आग्रह केला तर म्हणाली २०२० च्या मार्चमध्ये आईने डॉक्टर, नर्स, पोलीस सगळ्यांना फुकट कॉफी दिली, मास्क शिवून वाटले, चेकमधली पाटी मी लिहिली होती, तुम्ही आता ऐंशी कोरुनाला कुठे अडताय. (तेव्हा देशभरच्या व्हिएतनामी दुकानदारांनी हे केलं होतं, टीव्हीवर दाखवत होते.)

तर आता हिशोब. जेवण पाचपैकी साडेचार, अर्धा कोंबडी सुकी म्हणून कापला. भाजी पाच. स्वच्छतागृह दोन, आणि तेही मी आज चांगल्या मूडमध्ये आहे म्हणून, दाराला कडी नाही, आईने बाहेर पहारा दिला. कार्ड चालत नाही, रोख घेऊन जा, दोन हजारची नोट काढलीत तर तोंड वाकडं होईल. शाकाहारी असाल तर आधी माशाचं पाणी नको असं सांगा, आणि फिश सॉस नाही म्हणजे नाही याची खात्री तिथल्या कोणा तरुण मुलामुलीकडून करून घ्या, मोठी माणसं हसून मान हलवतात, ती हो असते की नाही ते कळत नाही. साडेअकराच्या आत पोचा. आणि पोरगी कामात असेल तर तिला, तुम्ही स्वतःला चेक समजता की व्हिएतनामी, असं विचारू नका प्लीज. पलीकडच्या टेबलावरच्या एका पर्यटकाने आमच्यासमोरच विचारलं. तिने अगदी हसून उत्तर दिलं, दोन्ही, आणि त्याची पाठ वळल्यावर माझ्या लेकीला डोळा मारला.

घरी येऊन आईने शेपू केला, मूगडाळ, लसूण, वर तेलाची धार. लेकीने वास घेतला आणि म्हणाली, फुय. चेक आहे ते, पण आजीला भाषांतर लागलं नाही.